डिसेंबरात जोडलेलं फेब्रुवारीत का गळतं? भंगार-वस्तूंच्या असेम्ब्लाजचे सांधे आणि थंडी

असेम्ब्लाज, म्हणजे जुन्या वस्तू फळीवर जोडून केलेली कलाकृती, करणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते. दिवाळीनंतर हाताशी वेळ असतो आणि जुन्या बाजारातून आणलेली कुलपं, बिजागऱ्या, घड्याळाची चक्रं, टाइपरायटरच्या कळा, पडलेल्या वाड्याच्या दाराची फळी असं बरंच काही जमलेलं असतं. डिसेंबरात मांडणी ठरते, चिकटवाचिकटवी होते, काम भिंतीवर चढतं. फेब्रुवारी उजाडला की एकेक वस्तू खाली यायला लागते. पहिला संशय अर्थातच गोंदावर जातो. मग दुसरी, महागडी नळी येते आणि पुढच्या हिवाळ्यात तीही तोच प्रताप करते.

गोंद बहुतेक वेळा निर्दोष असतो. गार धातूवर लावलेला गोंद आणि पावसाळ्याचं पाणी पोटात घेऊन बसलेलं लाकूड, बहुतांश पडझड या दोघांची असते. खालचं सगळं मुख्यतः पुणे, नाशिक, अहिल्यानगर आणि विदर्भ-मराठवाड्यासाठी आहे. तिथे डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा ८ ते १२ अंशांपर्यंत सहज उतरतो आणि निफाडसारख्या ठिकाणी त्याहूनही खाली जातो. मुंबई, कोकण, गोव्याचं दुखणं वेगळं, त्याबद्दल पुढे.

आधी सुटलेला सांधा नीट बघा

पडलेली वस्तू लगेच पुन्हा चिकटवू नका. दोन्ही बाजू उन्हात धरून बघा, शक्य तर भिंगातून. कारण तिथेच दिसतं.

गोंदाचा सगळा थर एका बाजूला आणि दुसरी बाजू लख्ख कोरी: गोंद पक्का झाला होता, पण त्या पृष्ठभागाला त्याने धरलंच नव्हतं. तिथे तेल, दव किंवा जास्तच गुळगुळीतपणा होता.

थरात नख रुततं, वास अजून येतो: एपॉक्सी (राळ आणि हार्डनर अशा दोन नळ्या मिसळून करायचा गोंद) पुरतं पिकलेलं, म्हणजे पक्कं झालेलं, नाही. एक तर थंडी, नाहीतर दोन नळ्यांचं प्रमाण चुकलंय.

थर पांढरा, खडूसारखा भुसभुशीत: पांढरा फेव्हिकॉल गारठ्यात वाळला.

धातूच्या पाठीला लाकडाचे तंतू उपसून आलेत: गोंद उत्तम होता, लाकूड हललं. इथे आणखी चांगला गोंद वापरणं म्हणजे पुढच्या वेळी फळीच फाडून घेणं.

वस्तू पडली नाही, पण महिनाभरात दोन-चार मिलिमीटर खाली सरकली: ग्लू-गन किंवा रबरी गोंदावर कायमचा भार टाकलाय. हे दोन्ही ताण सतत राहिला की हळूहळू ओघळतात.

गार धातू

गोंदाच्या डब्यावर लिहिलेलं तापमान खोलीचं समजलं जातं. ते खरं तर वस्तूचं असायला हवं. दुपारी खोली २५ अंशांवर असेल, पण रात्रभर गॅलरीत पडलेला दोन किलोचा पितळी ठोकळा आत आणल्यावर कितीतरी तास गारच राहतो. पातळ पत्रा पाच-दहा मिनिटांत खोलीच्या तापमानाला येतो. बिडाचं चाक, जुनं वजन, ऐरणीचा तुकडा यांना अख्खी दुपार लागते.

त्यातून दुसरा घोळ होतो, दवाचा. खोलीत २४ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर साधारण १६ अंशांखालच्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. सकाळी ११ अंशांवरचा पितळी तुकडा आत आणला, शेजारी चहाचं आधण उकळतंय, तर त्याच्यावर पाण्याचा पडदा चढतो. डोळ्यांना फक्त चमक थोडी मंदावल्यासारखी वाटते. बोट फिरवलं की रेघ उमटते. एपॉक्सी त्या पाण्यावर बसतं, धातूवर नाही.

उपाय साधा आहे. जोडायच्या सगळ्या वस्तू, गोंदाच्या नळ्या आणि पाटसुद्धा आदल्या संध्याकाळी, गारठा पडायच्या आत, घरात आणून ठेवा. लावण्याआधी धातूवर हेअर ड्रायर फिरवा. हाताला छान कोमट लागेपर्यंत, म्हणजे ३५-४० अंश, तेवढं पुरे. तापमान मोजायला बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर वापरत असाल तर चकचकीत पितळ किंवा स्टीलवर तो साफ चुकीचा आकडा दाखवतो. तिथे काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि मोजमाप टेपवर घ्या.

काम करायची वेळ दुपारी ११ ते ३. रात्री निवांत बसून चिकटवायचा मोह होतो, पण तो हिवाळ्यात महागात पडतो. गोंद नेमका पहाटेच्या गारठ्यात पिकायला बसतो.

धातू स्वच्छ म्हणजे किती स्वच्छ

जुन्या बाजारातल्या धातूवर निदान तीन थर असतात: गंज किंवा कळकट, त्यावर कुणीतरी फासलेलं मशिनचं तेल, त्यावर धूळ. कापडाने पुसून फक्त धूळ जाते.

क्रम असा ठेवा. आधी टर्पेंटाइनने तेल-ग्रीस काढा. टर्पेंटाइन स्वतः तेलकट पडदा मागे ठेवतं, म्हणून लगेच कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण, खाचांत जुना टूथब्रश. पूर्ण कोरडं करा. मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने फक्त तेवढीच जागा खरवडा जिथे गोंद बसणार आहे. समोरची झिलई, जुना रंग, गंजाची नक्षी तशीच राहू द्या, वस्तू घेतली तीच त्यासाठी. शेवटी स्वच्छ पांढऱ्या चिंधीवर ॲसिटोन घेऊन एकाच दिशेने पुसा. चिंधी काळी येते तोवर नवी घेत राहा. नेलपेंट रिमूव्हर नको, त्यात बहुधा हात मऊ ठेवायचं तेल असतं. ॲसिटोन वापरताना खिडकी उघडी आणि आसपास गॅस, उदबत्ती, निरांजन काही नको.

खातरी करायची असेल तर ॲसिटोनच्या आधी पाण्याचा फवारा मारून बघा. पाणी सलग, पातळ पापुद्र्यासारखं पसरलं तर जागा स्वच्छ आहे. गोळा होऊन मोती झाले तर तेल अजून तिथेच आहे, पुन्हा साबणाकडे जा. फुकटची चाचणी आहे आणि हिवाळ्यातली बरीचशी गळती ती एकटी थांबवते.

पितळ चिंचेने किंवा पितांबरीने उजळलं असेल तर खाचांत राहिलेली पूड टूथब्रशने काढल्याशिवाय गोंद लावू नका. लोखंडाचा गंज काढायला साधा पांढरा व्हिनेगर चालतो, १२ ते २४ तास. थंडीत तो सावकाश काम करतो, घाई करू नका. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यातून काढा, धुवा आणि तत्काळ ड्रायरने वाळवा, नाहीतर तासाभरात केशरी गंज पुन्हा चढतो. पितळ मात्र व्हिनेगरमध्ये विसरलात तर त्यातलं जस्त निघून जातं आणि पृष्ठभाग गुलाबी पडतो. तो रंग परत येत नाही. घड्याळाच्या स्प्रिंगाही त्यात टाकू नका, ठिसूळ होऊन तडकतात.

खरवडल्यापासून तासाभरात गोंद लागला पाहिजे. आज घासून उद्या चिकटवायचं असेल तर उद्या पुन्हा घासा.

लाकूड: खरी डोकेदुखी

धातू थंडी-उन्हात किती हलतो? ३० सेंटिमीटरची पितळी पट्टी २० अंशांच्या फरकाने जेमतेम एक दशांश मिलिमीटर. चांगलं एपॉक्सी एवढं सोसतं.

आता सागवानी फळी बघा. पावसाळ्यात उघड्या शेडमध्ये पडलेल्या फळीत १६ टक्क्यांच्या आसपास ओलावा असतो. जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत घराच्या भिंतीवर ती ९ टक्क्यांपर्यंत उतरते. ३० सेंटिमीटर रुंदीच्या फळीची रुंदी एवढ्यात ३ ते ४ मिलिमीटरने घटते, जर टोकाकडून बघताना वलयं आडवी दिसत असतील तर. वलयं उभी असतील तर साधारण निम्मी घट. लांबीत फरक जवळजवळ शून्य.

म्हणजे फळीच्या रुंदीवर आडवी ठोकलेली लोखंडी पट्टी किंवा कोयंडा पूर्ण लांबीभर गोंदाने जखडला तर लाकूड आकसणार, लोखंड नाही, आणि मधे काहीतरी तुटणार. आधी गोंद. गोंद फार चांगला असेल तर फळी मधोमध फुटते, बंदुकीच्या बारासारखा आवाज करून, बहुधा मध्यरात्री.

तीन गोष्टी करा.

पहिली, लाकूड आधी मुरू द्या. काम जिथे टांगणार त्याच खोलीत, भिंतीपासून सुटं, खाली चिपा ठेवून, निदान तीन-चार आठवडे. ओलावा मोजायचं दोन सुयांचं यंत्र असेल तर उत्तम. नसेल तर फळीचा लहान तुकडा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दर दोन दिवसांनी तोला. आठवडाभर आकडा हलला नाही की लाकूड तयार. ऑक्टोबरात आणलेली फळी नोव्हेंबरात वापरली जाते, तिथेच सगळं बिनसतं. ती डिसेंबरअखेरपर्यंत थांबवा.

दुसरी, लांब धातू फळीच्या रेषांच्या दिशेने बसवा. मांडणीला आडवाच हवा असेल तर मध्यावर एकच पक्का स्क्रू आणि दोन्ही टोकांना लांबट भोकं. पट्टीत ४ मिलिमीटरची दोन भोकं एकमेकांना खेटून पाडा, मधला भाग बारीक कानसने काढा, ८ मिलिमीटरची चीर तयार होते. तिच्यात साडेतीन मिलिमीटरचा स्क्रू, वॉशर घालून. पूर्ण कसा आणि पाव फेरा मागे घ्या. जुन्या वस्तूला भोक पाडवत नसेल तर फळीत वस्तूच्या दोन्ही कडांना २ मिलिमीटरची भोकं पाडा आणि ०.८ मिलिमीटरची तांब्याची तार वरून घेऊन मागे पिळा. तार थोडी दिसते. दिसू द्या. असेम्ब्लाजमध्ये बांधलेलं दिसणं हे काही व्यंग नाही.

तिसरी, फळीच्या समोर जे पॉलिश किंवा वॅक्स लावाल तेवढेच हात मागेही लावा, टोकांना एक हात जास्त. समोर बंद आणि मागे कोरं राहिलं की मागची बाजू आधी सुकते आणि फळीला बाक येतो.

बिडाच्या वस्तूत भोक पाडताना ड्रिल कोरडंच आणि सावकाश चालवा. बीड ठिसूळ असतं, हातोडीने बसवलेला पंच त्याला फोडतो. पितळात बिट एकदम आत खेचला जातो, म्हणून वस्तू हातात न धरता शिकंज्यात पकडा.

साधा नियम: २०० ग्रॅमच्या वरची कुठलीही वस्तू फक्त गोंदावर टांगू नका. स्क्रू, नट-बोल्ट, रिव्हेट किंवा तार भार घेईल, गोंद फक्त खडखड थांबवेल.

कुठला गोंद गारठ्यात कसा वागतो

एपॉक्सी. अरल्डाइटसारखं सावकाश पिकणारं एपॉक्सी २५ अंशांवर रात्रभरात हाताळण्याजोगं होतं. अंदाज ठेवा की तापमान १० अंशांनी उतरलं की वेळ दुप्पट लागतो, आणि दहा अंशांच्या खाली पिकणं जवळजवळ थांबतंच. थंडीत ते घट्ट होतं, दोन नळ्यांतून सारखं बाहेर येत नाही, आणि डोळ्यांनी मोजलेलं प्रमाण इथेच चुकतं. नळ्या आधी कोमट पाण्यात ठेवा, झाकण घट्ट लावून. राळेच्या नळीत साखरेसारखे कण किंवा ढगाळपणा दिसला तर ती खराब नाही, फक्त गोठलीय: ५०-६० अंशांच्या पाण्यात अर्धा-पाऊण तास, पारदर्शक झाली की गार करून वापरा. लवकर पिकावं म्हणून हार्डनर जास्त घालू नका, त्याने सांधा मऊच राहतो. मिश्रण दोन मिनिटं ढवळा, कडा खरवडत. पिकल्यावर वर मेणचट, चिकट थर दिसला तर तो दमट गारव्याने आलेला असतो. थिनरने तो पसरतो. कोमट पाणी आणि भांडी घासायच्या हिरव्या जाळीने तो निघतो, आणि तो काढल्याशिवाय वर रंग किंवा दुसरा थर धरत नाही. क्लॅम्प फार आवळू नका, सगळा गोंद बाहेर पिळून निघतो आणि सांधा उपाशी राहतो.

प्रत्येक वेळी उरलेलं मिश्रण पुठ्ठ्यावर थापून कामाशेजारी ठेवा. दुसऱ्या दिवशी त्यात नख रुतलं तर मूळ सांध्यालाही हात लावू नका.

एम-सील. गार वडी मळताना तुकडे पडतात आणि रंगाच्या रेघा राहतात. दोन्ही वड्या आधी दहा मिनिटं खिशात ठेवा. एकही रेघ दिसेनाशी होईपर्यंत मळा. खोलगट, वेड्यावाकड्या तळाच्या वस्तूंसाठी हा सगळ्यात कामाचा माल.

पांढरा फेव्हिकॉल. लाकूड-लाकूड, कागद, कापड यांसाठी. १५ अंशांच्या वर असताना लावा आणि रात्रभर उबेत ठेवा. एकदा खडूसारखा वाळला की मागाहून ऊब देऊन सुधारत नाही, खरवडून नव्यानेच लावावा लागतो. धातूवर त्याच्याकडून अपेक्षाच ठेवू नका.

रबरी गोंद, म्हणजे फेव्हिकॉल एसआर प्रकारचा. दोन्ही बाजूंना लावून एरवी १०-१५ मिनिटं थांबतो, थंडीत २०-३० मिनिटं. बोटाला चिकटेनासा झाला की दाबा. चामडं, रबर, पातळ पत्रा ठीक, वजनदार काही नाही.

फेव्हिक्विक. याला पिकायला हवेतला थोडा ओलावा लागतो, म्हणून कोरड्या जानेवारीत ते रेंगाळतं. एका बाजूवर तोंडाची वाफ सोडा आणि दुसऱ्या बाजूवर एक थेंब लावून दाबा. दव चालत नाही, वाफ चालते, हे विचित्र वाटेल, पण फक्त याच गोंदापुरतं खरं आहे. ठिसूळ असतं, धक्क्याने सुटतं. एपॉक्सी पिकेपर्यंत वस्तू जागेवर धरायला छान.

ग्लू-गन. गार लोखंडाला लागताक्षणी खालची साय गोठते आणि थर अखंड निघून येतो. धातू तापवून घेतला तर बरा चिकटतो, पण एप्रिलमध्ये नागपूर-अकोल्याच्या खिडकीत तोच थर मऊ होऊन वस्तू सोडतो. मांडणी ठरवताना तात्पुरता टेकू, बस.

सिलिकॉन. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तांबं, पितळ, लोखंडाला खातं, कडेने हिरवी किंवा तांबडी रेघ उमटते. डब्यावर न्यूट्रल लिहिलेलं घ्या. काच-धातू जोडायला आणि थोडी हालचाल सोसायला ते चांगलं.

ऊब द्यायचं खोकं

सांधा पिकेपर्यंत ऊब टिकवायला मोठा पुठ्ठ्याचा खोका पुरतो. आतून ॲल्युमिनियम फॉइल, चिनीमातीच्या होल्डरमध्ये तार असलेला ४० वॉटचा जुना पिवळा बल्ब (एलईडी नको, तो पुरेसा तापत नाही), बल्बपासून पुठ्ठा आणि काम दोन्ही किमान २० सेंटिमीटर दूर. वर पेन्सिलीएवढी दोन भोकं. वस्तूच्या उंचीवर थर्मामीटर. ३० ते ३५ अंश राखले की सहा तासांत एपॉक्सी धोक्याच्या बाहेर येतं. थर्माकोलचा खोका वापरू नका, बल्बजवळ वितळतो. आत रबरी गोंद, थिनर, ॲसिटोन लावलेलं काही ठेवायचं नाही, पेट घेईल. कुणी घरात नसताना चालू ठेवायचं नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा गॅसचा हीटर तर मुळीच नाही. कार्बन मोनॉक्साइडचा जीवघेणा धोका आहेच, वर गॅसच्या हीटरमधून निघणारी पाण्याची वाफ धातूवर दव धरते.

स्प्रे लॅकर सकाळच्या दमट गारव्यात मारलं तर पांढरट धुकं धरतं. दुपारी मारा, डबा कोमट पाण्यात ठेवून. आचेवर कधीच नाही.

शिशाचे खिळे आणि बंद पेट्या

छापखान्यातले जुने खिळे, म्हणजे छपाईचे अक्षरांचे ठसे, काचेच्या पेटीत फार देखणे दिसतात, पण ते मुख्यतः शिशाचे असतात. एमडीएफ, ताजं प्लायवुड किंवा व्हिनेगरी सिलिकॉन यांतून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने बंद पेटीत त्यांच्यावर पांढरी पूड चढते. ती विषारी असते. खिळे घासू नका, हातमोजे घाला, पेटीला मागून हवेची दोन भोकं ठेवा. जुन्या दारांचा सोलत आलेला रंगही कोरडा घासायचा नाही, त्यात शिसं असण्याची बरीच शक्यता असते. ओला करून खरवडा. काळोखात चमकणाऱ्या जुन्या घड्याळांच्या तबकड्या उघडूच नका.

कोकण, मुंबई आणि परदेश

किनाऱ्यावर थंडी अडचण नाही, मीठ आहे. समुद्राकडून आलेलं लोखंड गोड्या पाण्यात दोन-तीन दिवस, रोज पाणी बदलत, भिजवून मगच गंज काढा, नाहीतर गोंदाखाली गंज फुगतो आणि सांधा उचलतो. लाकूड तिथे फारसं आकसत नाही. पण तिथे केलेलं काम पुण्याच्या घरी पाठवणार असाल तर लांबट भोकांचा नियम पाळाच.

अमेरिका-कॅनडात गॅरेजमध्ये काम करणाऱ्यांनी पांढरा गोंद घरात ठेवावा. एकदा गोठून गुठळ्या झाल्या की तो टाकून द्यायचा. हीटर चालू असलेल्या घरात आर्द्रता २५ टक्क्यांवर येते आणि लाकूड ५ टक्क्यांपर्यंत सुकतं, म्हणून इथून नेलेल्या सागवानी फळीला तिथे दोन महिने मुरवल्याशिवाय काही जोडू नका.

सुटलेलं पुन्हा जोडताना

जुन्या थरावर नवा गोंद कधीच नाही. एपॉक्सी हीट गनने तापवलं की मऊ होतं आणि बोथट पटाशीने निघतं. लाकडाजवळ गन सतत हलती ठेवा, बेकेलाइटच्या स्विचजवळ आणि काचेजवळ नकोच. फेव्हिक्विकवर ॲसिटोनचा बोळा दहा मिनिटं. पांढऱ्या फेव्हिकॉलला कोमट पाणी, अडून बसला तर थोडं व्हिनेगर. रबरी गोंदाला थिनर. लाकूड उपसून आलं असेल तर ते तंतू धातूवरून काढून फेकू नका, खळग्यात पांढऱ्या फेव्हिकॉलने परत बसवा, एक रात्र दाबून ठेवा. नंतर त्याच जागी वस्तू गोंदाने न लावता तारेने बांधा.